पहिल्या बाळाची तयारी: आईचं वजन, बी-12 आणि मुलाचा पुढचा मधुमेह

प्रश्न असा आहे: धाकटी बहीण 24 वर्षांची, उंची 152 सेंटिमीटर, वजन 41 किलो, घर शाकाहारी, हिमोग्लोबिन 10.2. आईला चाळिशीतच मधुमेह झाला. बहिणीला येत्या वर्षभरात मूल हवं आहे. होणाऱ्या आईच्या खाण्यापिण्याचा मुलाच्या पुढच्या तब्येतीशी, विशेषतः मधुमेहाशी, खरंच संबंध असतो का? आणि दिवस गेल्यावर प्रोटीन पावडर नि तूप सुरू केलं तर बाळ चांगलं भरेल का?

संबंध आहे. त्याचा जगातला एक भक्कम पुरावा पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांतून आला आहे. पण दिवस जाईपर्यंत थांबू नका. गर्भधारणेच्या आधीचे तीन ते सहा महिने सगळ्यात मोलाचे, आणि ते तुमच्या हातात अजून पूर्ण शिल्लक आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 साली जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या तरुण बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. दिवस जाण्याआधी त्यांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास आणि उंची 152 सेंटिमीटर होती, म्हणजे जवळपास तुमच्या बहिणीसारखीच. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी 2.7 किलोच्या आत-बाहेर भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं लहान तर होतीच, पण सगळीकडून सारखी लहान नव्हती. दंड, पोट, स्नायू फारच कमी भरलेले. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तितकीच. दिसायला रोड, पण शरीराच्या घडणीत चरबीचं प्रमाण जास्त. तीच मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलं अजून कमी वजनाचीच होती, आणि तरीही मुलग्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांची रक्तशर्करा सामान्य मर्यादेच्या वर निघाली. मुलींमध्ये हे प्रमाण साधारण निम्मं होतं. "आमच्या घरात कुणी जाड नाही, मग साखर कशी आली?" हे कोडं आपल्याकडे घरोघरी घातलं जातं. त्याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

पोटात नेमकं काय होतं ते समजून घेतलं की पुढचे सल्ले आपोआप पटतात. अन्नपुरवठा कमी पडला की गर्भ आधी मेंदू सांभाळतो. रक्त तिकडे वळतं आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. त्यानंतर जन्मभर एकही नवी बनत नाही. कमी गाळण्या घेऊन जन्मलेल्या माणसाला पुढे रक्तदाबाचा धोका जास्त. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचा साठाही गर्भात आणि पहिल्या काही वर्षांतच बराचसा ठरतो. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायूच कमी आणि इन्शुलिनचा साठाही बेताचा असला, की पंचविशी-तिशीत बैठं काम आणि भरपेट खाणं सुरू झाल्याबरोबर साखर चढते. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे मोठी उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्या मुलांच्या पुढच्या आयुष्यातही हे दिसलं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली बाळं लहान जन्मली. ज्यांच्या आईची उपासमार सुरुवातीच्या महिन्यांत झाली त्यांचं जन्मवजन ठीक होतं, पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. त्यामुळे जन्मवजन चांगलं म्हणजे सगळं चांगलं, असं मानून निर्धास्त राहता येत नाही.

आता थेट तुमच्या बहिणीकडे. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 17.7 येतो. 18.5 ही सामान्य वजनाची खालची हद्द गाठायला तिला किमान 43 किलो हवेत, आणि 45 झाले तर फारच उत्तम. हा आकडा मी का धरून बसलो आहे ते सांगतो. मुंबईतल्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग झाला. बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला एक छोटा पदार्थ खाऊ घातला. दुसऱ्या गटाला तसाच पदार्थ, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्याच्या आधी किमान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी सुमारे 48 ग्रॅमनी जास्त भरली. त्यातही फायदा झाला तो अंगानं बऱ्या असलेल्या बायकांच्या बाळांना. अगदी रोड बायकांच्या बाळांना जवळजवळ नाही. याचा एक सरळ अर्थ असा निघतो की फार बारीक बाईचं शरीर आलेलं अन्न आधी स्वतःची तूट भरायला वापरतं. म्हणून आधी आईचं वजन, मग गर्भधारणा. याच प्रयोगात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण 12.4 टक्क्यांवरून 7.3 टक्क्यांवर आलं. तुमच्या आईचा इतिहास पाहता माझ्या दृष्टीनं हा निष्कर्ष जन्मवजनापेक्षाही महत्त्वाचा आहे.

वजन वाढवायला दिवसाला साधारण 350 उष्मांक जास्त लागतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे आणि पेलाभर साईसकट दूध यांत ते येतात. महिन्याला अर्धा ते एक किलो वाढ पुरेशी आहे. नुसतं तूप ओतून हे करू नका. तुपानं उष्मांक मिळतात, स्नायू बनत नाहीत.

खरी अडचण प्रथिनांची असते, आणि ती घरातल्या पातेल्यात दिसते. पाच माणसांच्या घरात एका दिवसाला एक वाटी, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम, तूरडाळ शिजते. ती दोन्ही वेळा पुरवायची म्हणून आमटी पातळ होते. माणशी दिवसाची 30 ग्रॅम डाळ झाली, आणि तिच्यात प्रथिनं साडेसहा ग्रॅम. शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाटीत तर डाळीपेक्षा पाणीच जास्त येतं. सामान्य बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत त्यात साडेनऊ ग्रॅमची आणि शेवटच्या तिमाहीत 22 ग्रॅमची भर, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. हिशेब मांडून बघा: ज्वारीच्या तीन भाकरी (पीठ दीडशे ग्रॅम) 15 ग्रॅम, घट्ट वरणाची एक वाटी आणि मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीची एक वाटी मिळून 13, दूध-दही मिळून अर्धा लिटर 16, शेंगदाणे साडेसात. झाले 51-52. वर थोडा भात, एखादी पोळी आणि दुपारी मूठभर फुटाणे घेतले की साठच्या जवळ जाता. शेवटच्या तीन महिन्यांत आणखी एक वाटी उसळ किंवा 50 ग्रॅम पनीर वाढवायचं. अंडं चालत असेल तर एका अंड्यात 6 ग्रॅम. सुनेची उसळ आणि दही आधीच वेगळं काढून ठेवणं ही एवढीच सवय घरानं लावून घेतली तरी अर्धं काम होतं.

प्रोटीन पावडर लागत नाही. बाजारातल्या पुष्कळ डब्यांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच पूड) हाच मोठा घटक असतो. डब्यामागची यादी वाचा, पहिल्या दोन-तीन नावांत ते सापडेल. आणि समतोल अन्नाऐवजी निव्वळ प्रथिनांचा मारा केलेल्या प्रयोगांत बाळांचा फायदा झालेला नाही, उलट बाळ लहान राहण्याचा धोका दिसला आहे.

शाकाहारी घरात सगळ्यात दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व बी-12. पुण्याच्या त्या गावांत दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये ते कमी होतं. आईचं बी-12 कमी आणि फोलेट (गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप) जास्त, अशी जोडी ज्या बायकांमध्ये होती त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध, म्हणजे शरीरानं इन्शुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त आढळला. ही दोन्ही जीवनसत्त्वं मिळून जनुकांवर खुणा चढवण्याचं काम करतात, त्यातून कुठलं जनुक किती चालेल हे ठरतं. बी-12 नसेल तर आत गेलेलं फोलेट अडकून पडतं आणि वापरता येत नाही. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड बंद करायचं असं मात्र मुळीच नाही. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते, पाळी चुकल्याचं धड लक्षात येण्याआधी. त्यासाठी 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिवस जाण्याच्या किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधीपासून रोज हवं. चुकतं ते मापात. दुकानात सहज हातात मिळते ती गोळी 5 मिलिग्रॅमची असते, म्हणजे बारापट. ती आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, आईला मधुमेह असेल, किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, अशा बायकांसाठी आहे. बाकीच्यांनी छोटी गोळी मागून घ्यावी आणि सोबत बी-12 असल्याची खात्री करावी.

बी-12 वनस्पतीत नसतं. मोड आलेली कडधान्यं, शेवग्याचा पाला, आंबील, स्पिरुलिना यांवर भरवसा ठेवू नका. दुधात असतं, पण पाव लिटरमध्ये साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि पुन्हा पुन्हा उकळल्यानं त्यातलंही थोडं जातं. गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. चहात घातलेलं दूध यात मोजू नका. आधीच कमतरता असेल तर दुधानं ती भरून निघणार नाही, गोळी किंवा इंजेक्शनच लागेल, आणि मात्रा तपासणीवरून डॉक्टर ठरवतील. पीसीओएससाठी (पाळी अनियमित करणारा बीजांडकोशांचा विकार) मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर तेही सांगा. दोन्हींमुळे बी-12 शोषलं जाण्यात अडथळा येतो.

तपासण्या आत्ता, गर्भधारणेच्या आधी करून घ्या: पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, थायरॉइडसाठी टीएसएच, उपाशीपोटीची साखर, आणि एचपीएलसी. शेवटची तपासणी थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक ओळखते. विदर्भात, नंदुरबारकडे आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलसाठी, आणि सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत थॅलेसेमियासाठी ती टाळू नये. अहवाल वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. लोह आणि बी-12 दोन्ही कमी असतील तर तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, "नॉर्मल" दिसतो, कारण एकानं पेशी लहान होतात, दुसऱ्यानं मोठ्या. आणि लोह कमी असताना एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. म्हणून तिच्याबाबतीत साखरेची तपासणी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊनच करावी.

हिमोग्लोबिन 10.2 म्हणजे गरोदर नसलेल्या बाईसाठी मध्यम अ‍ॅनिमिया. यासह दिवस राहू देऊ नयेत. 60 मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर छान शोषली जाते. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी, थोडं कमी शोषलं जाईल, पण न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, घाबरून गोळी थांबवू नये. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीच नाही, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनंही वाढलं नाही तर गोळ्या दुप्पट करत बसू नका, कारण शोधा: गोळी खरंच पोटात जाते का, बी-12 कमी आहे का, जंत आहेत का, पाळीला फार रक्त जातं का, थॅलेसेमियाचं वाहकपण आहे का. कच्चे तांदूळ, खडू किंवा भाजकी माती खावीशी वाटणं हे बहुतेकदा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं. डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

दिवस गेल्यावर साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. उपाशी असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी रक्त. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. बारीक बाईला तो होत नाही हा समज चुकीचा आहे. आईची जास्तीची साखर बाळाकडे जाते, बाळ जादा इन्शुलिन बनवतं आणि चरबी साठवतं. अशा मुलांमध्ये पुढे लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त दिसतो, म्हणजे उपासमार आणि साखर ही दोन्ही टोकं मुलाला त्याच वाटेला नेतात. मधुमेह निघाला तर मात्र घाबरून उपाशी ठेवू नका. लक्ष्य असतं उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत. भाकरी-पोळी कमी करून उसळ, दही, भाजी वाढवणं, दिवसाचं खाणं सहा वेळांत वाटणं, आणि प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं चालणं, यावर अनेकींचं भागतं. न भागल्यास इन्शुलिनला नकार देऊ नये.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे वजन वाढलं नाही तर चिंता नको. कुरमुरे, लाह्या, फुटाणे, दही-भात, जे टिकेल ते थोडं थोडं द्या. त्यानंतर तिच्यासारख्या कमी वजनाच्या बाईनं आठवड्याला अर्धा किलो वाढायला हवं, एकूण साडेबारा ते अठरा किलो. बीएमआय 18.5 च्या वर नेऊन दिवस गेले तर साडेअकरा ते सोळा पुरे. "बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल" म्हणून सातव्या महिन्यानंतर जेवण तोडणारी घरं अजून आहेत. बाळाचं सगळ्यात जास्त वजन याच काळात वाढतं, त्यामुळे हे तोडणं सरळ बाळाच्या अंगावर येतं. दुसरीकडे, सोनोग्राफीत बाळ एकदम मागे पडलेलं दिसलं तर ते पुष्कळदा वारेच्या रक्तपुरवठ्यामुळे किंवा आईच्या रक्तदाबामुळे असतं. तिथे डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि बारीक देखरेख लागते. अशा वेळी अमिनो अ‍ॅसिडचं सलाईन लावण्याची पद्धत आहे, तिच्या फायद्याचा भक्कम पुरावा नाही. तो पैसा दूध-कडधान्यात घाला.

दोन गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पहिली मशेरी. ती तंबाखूच आहे, दात घासण्यापुरती असली तरी निकोटीन रक्तात जातं आणि बाळ लहान राहतं. सासूबाई लावत असतील तर त्यांच्यासह घरातून बंद करा, नाहीतर सुटत नाही. दुसरी गोष्ट कष्ट. पुण्याच्या अभ्यासात गरोदरपणात शेतात आणि घरात जास्त अंगमेहनत करणाऱ्या बायकांची बाळं लहान भरली. चालणं हवं, पण डोक्यावर हंडे आणि दिवसभर वाकून खुरपणी नको.

बाळ झाल्यावरही काम उरतं. पहिला चीक लगेच पाजा. मध, गुटी, साखरपाणी काही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि ड जीवनसत्त्वाचे 400 युनिटचे थेंब. बाळंतिणीला पालेभाजी आणि उसळ बंद करून फक्त तूपभात नि डिंकाचे लाडू देण्याचं पथ्य सोडा. रोज एखादा अळिवाचा किंवा डिंकाचा लाडू ठीक आहे. चार-चार लाडू दोन महिने खाल्ले की अंगावर चढलेलं वजन पुढच्या गरोदरपणापर्यंत उतरत नाही, आणि तेव्हा मधुमेहाचा धोका आणखी वाढतो. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत किमान दोन वर्षं जाऊ द्या, त्यासाठीचं गर्भनिरोधक बाळंतपणाआधीच ठरवून ठेवा.

बाळ लहान जन्मलं तर त्याला घाईघाईनं गुबगुबीत करण्याचा मोह आवरा. दिल्लीतल्या सुमारे 1,500 जणांचा जन्मापासून तिशीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की दोन वर्षांपर्यंत बारीक असलेली आणि नंतर बारा वर्षांपर्यंत उंचीच्या मानानं वजन चढत गेलेली मुलं पुढे मधुमेहाच्या वाटेला जास्त लागली. ती लहानपणी लठ्ठ नव्हती, आधीपेक्षा भरत गेली एवढंच, त्यामुळे घरच्यांना ते चांगलंच वाटत होतं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत डाळ, दही, अंडं, भाजी देऊन बाळ नीट वाढवा, आणि नंतर बिस्किटं, साखरेचं दूध, पाकिटातला खाऊ यांनी भरवू नका. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही आलेखावर टिपून ठेवा. उंचीची रेघ जागच्या जागी आणि वजनाची वर सरकायला लागली, तर पुढच्या सहा महिन्यांची वाट न बघता त्याच महिन्यात खाणं आणि खेळ दोन्हीत बदल करा.